एस्तेरबाईंचा कोयता

नगरच्या मुलींच्या शाळेत मी नोकरीवर रुजू झाले त्या सकाळी शिक्षिकांच्या खोलीत शिरताना मला पहिल्यांदा माणूस दिसलं नाही, कोयता दिसला. टेबलावर, वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी, पट्टी किंवा पाटी ठेवावी तितक्या सहज ठेवलेला. हातभर लांब, टोकाशी वाकलेला, पातं काळं आणि धार तेवढी पांढरी. मी दारातच थबकले.

"या, या. चावत नाही तो," मागून आवाज आला.

मी वळून पाहिलं. उंच, काळीसावळी, हाडापेराची बाई. जाडंभरडं नऊवारी, घट्ट कासोटा, पायात पुरुषांसारख्या जाड वहाणा. त्यांनी कोयता उचलला, पदराच्या टोकानं पातं पुसलं, गोणपाटात गुंडाळला आणि भूगोलाच्या पुस्तकांबरोबर पिशवीत टाकला. "मी एस्तेर साळवे. भूगोल शिकवते. शनिवारी मुलींना घेऊन डोंगरगणला चाललेय. तुम्ही येताय ना?"

मी पुण्याहून आलेली. आमच्या घरात धारेची वस्तू म्हणजे विळी. ती जमिनीवर असायची, बाईनं तिच्यावर पाय ठेवून बसायचं आणि उठताना ती आडवी करून ठेवायची. हत्यार पिशवीत घालून रस्त्यानं चालणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. "येते," असं माझ्या तोंडून कसं गेलं ते मला अजून कळलेलं नाही.

ते महायुद्धाचे दिवस. रॉकेल मिळत नव्हतं, कापड मिळत नव्हतं, आणि नगरात तर लष्कराच्या गाड्यांची रोजची वर्दळ. तशा दिवसांत मुलींना तंबू घेऊन रानात मुक्कामाला नेणारी शिक्षिका म्हणजे गावाच्या दृष्टीनं डोकं फिरलेलीच. शाळा मिशनची होती. मुख्याध्यापिका अमेरिकन होत्या, त्यांना सगळे मोठ्या मिससाहेब म्हणत. त्यांनी शाळेत मुलींचं एक पथक काढलं होतं. गाठी मारायच्या, तंबू ठोकायचे, चूल मांडायची, रानात राहायला शिकायचं. मिससाहेबांकडे त्याचं एक पुस्तक होतं. एस्तेरबाईंकडे कोयता होता. दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं आणि पटत मात्र नव्हतं.

एकदा मिससाहेबांना त्यांच्या भावानं घरून एक कुऱ्हाड पाठवली. लहानशी, चकचकीत, दांडा मधाच्या रंगाचा, पात्याला चामड्याचं म्यान. मुलींनी ती हातोहात फिरवली. एस्तेरबाईंनीही ती घेतली, तोलून पाहिली, धारेवरून अंगठा आडवा फिरवला.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या.

"मग आता तुमचा तो कोयता ठेवून द्या," मिससाहेब पुस्तकी मराठीत म्हणाल्या. "पुस्तकात कुऱ्हाडच सांगितली आहे."

"ते पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावात झाडं असतील, मिससाहेब. कुऱ्हाड झाडासाठी असते. आपल्या रानात झाड कुठं आहे? बाभळीच्या फांद्या, तरवड, निवडुंग, घाणेरी. त्याला कुऱ्हाड म्हणजे डासाला सोटा. आणि कुऱ्हाडीनं कांदा चिरता येतो का?"

"कांदा चिरायला सुरी न्यावी."

"म्हणजे दोन वस्तू झाल्या. एक वाहायची की दोन?" मग त्या म्हणाल्या, "शिवाय कुऱ्हाड उसळली की पोरीच्या नडगीत बसते. कोयता उसळला तर हातातच राहतो."

मिससाहेब हसल्या. कुऱ्हाड म्यानासकट त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर गेली आणि तिथंच राहिली.

त्या कोयत्यानं त्या काय करत नसत? काटेरी फांद्या तोडून तंबूभोवती कुंपण घालत. सरपण फोडत. चूल मांडायला जमीन उकरत. भोपळा कापत, नारळ फोडत, आणि एखाद्या गावात मटण मिळालं तर त्याच कोयत्यानं तेही तोडत. मग तो राखेनं खसाखसा घासून, विस्तवावर धरून, धुऊन घेत आणि दुसऱ्या दिवशी वांगी चिरायला बसत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी भाजीला हात लावला नाही. मी त्या दिवशी नुसती भाकरी आणि चटणी खाल्ली. त्यांनी ते पाहिलं. पुढच्या खेपेला माझ्यासाठी एक छोटी सुरी आणि वेगळी फळी त्यांच्या पिशवीतून निघाली. "तुमची वांगी तुम्ही चिरा," एवढंच म्हणाल्या. दोन-तीन सहली मी तशी चिरली. मग माझं मलाच हसू आलं.

मुलींना शिकवताना त्या फार कमी बोलत. मुलीच्या मागं उभं राहून तिचा हात आपल्या हातात घ्यायचा आणि घाव घालायचा. "अंगठा वर नको. फांदी आपल्याकडं नको. आणि मैत्रीण समोर नको." मुलींची मोजणी करताना त्या आकडे म्हणत नसत, प्रत्येकीच्या डोक्याला हात लावत जायच्या. एखादं डोकं हाताला लागलं नाही की लगेच समजायचं. त्यांचं एक आवडतं वाक्य होतं. मुलगी विंचू बघून, वावटळ बघून, माकड बघून किंचाळली की म्हणायच्या, "घाबरायचं ते काम झाल्यावर."

त्यांच्याविषयी शाळेत एक गोष्ट कुजबुजत सांगितली जाई. म्हणे त्यांच्या नवऱ्यानं त्यांच्यावर कुऱ्हाड उगारली होती, त्यातून त्या वाचल्या, म्हणून त्यांना कुऱ्हाड डोळ्यांसमोर नको असते. मला ती गोष्ट ऐकून शहारे आले होते. कितीतरी महिने मी त्यांच्याकडे त्या नजरेनं बघत होते. शेवटी एकदा बाभळीखाली बसलो असताना धीर करून विचारलं.

एस्तेरबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "माझ्या नवऱ्यानं? कुऱ्हाड? अहो, त्या बिचाऱ्याला कोंबडी कापायची भीती वाटायची. मी कापायची आणि तो घरात तोंड फिरवून बसायचा. पटकीनं गेला तो, लग्नाला चार वर्षं झाली होती तेव्हा." हसू हळूहळू ओसरलं. "चांगला होता हो. लोकांना साधी गोष्ट पुरत नाही. मला कोयता हाताला बसतो, म्हणून मी कोयता घेते. एवढंच."

आणि कुऱ्हाडीवाचून अडलं नाही असंही नाही. एका सहलीत अवेळी पाऊस आला. सगळं सरपण भिजलं. ओढ्याकाठी एक कडुनिंबाचा ओंडका पडला होता. तो आतून कोरडा असणार, म्हणून बाई कोयता घेऊन त्याच्यावर तुटून पडल्या. कोयता नुसता टणटण उडत होता. घामानं निथळल्या, हाताला फोड आले, पण ओंडक्याला भेग पडेना. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी भिजवलेले पोहे गुळाशी खाल्ले.

"आज कुऱ्हाड हवी होती," बाई तोंडात घास घेत म्हणाल्या.

मला बरं वाटलं. "मग पुढच्या वेळी घेऊ या?"

"नाही. आज हवी होती म्हणाले. रोज हवी असं कुठं म्हणाले?"

त्याच सुमाराची आणखी एक आठवण. चळवळीचे दिवस होते. रात्री-अपरात्री तारा तोडल्या जात, किल्ल्याभोवती कडक पहारा होता, आणि नगरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वाटेवर पोलीस. पारनेरच्या रस्त्यावर आमची बैलगाडी अडवली. फौजदारानं सामान उपसायला लावलं. गोणपाट उलगडलं आणि त्यातून कोयता निघाला. 

"हे काय? तारा तोडायला निघालात का बाई?"

"तारांना पकड लागते, साहेब," एस्तेरबाई शांतपणे म्हणाल्या. "कोयत्यानं तार तुटत नाही. नुसती लोंबते."

मला वाटलं, झालं. आता आम्ही सगळ्या आत. ही माहिती एका भूगोलाच्या शिक्षिकेला कुठून, हा प्रश्न फौजदाराच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटला होता. पण बाई पुढं म्हणाल्या, "ठेवून घ्यायचा तर घ्या. मग संध्याकाळी तुमचा एक शिपाई पाठवा. दंडुक्यानं सरपण फोडून द्यायला." मागचा शिपाई फिस्सकन हसला. फौजदारानं त्याच्याकडे रागानं पाहिलं आणि आमच्या गाडीला जा म्हणून हात केला. गाडी बरीच पुढं गेल्यावर एस्तेरबाईंनी कपाळाचा घाम पुसला आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "आता घाबरा."

हे सगळं मी लांबण लावून सांगते आहे, कारण पुढचं सांगायला मन अजून कचरतं.

थंडी संपत आली होती. पारनेरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी एका ओढ्याकाठी आम्ही मुक्काम टाकला. बैलगाडी आम्हाला सोडून गावात परत गेली होती. गाव दोनेक मैलांवर. दुपार कलली होती. मुली तीन तुकड्यांत कामाला लागल्या. लीला नावाची एक मुलगी होती, काष्टीच्या एका शेतकऱ्याची. नगरात मामाकडे राहून शिकायची. अंगानं लहानखुरी, पण सगळ्यांच्या पुढं पुढं करणारी. ती चुलीसाठी दगड गोळा करत होती. एका चपट्या दगडाखाली तिनं बोटं घातली, तोच एस्तेरबाई ओरडल्या, "लीले, थांब! तसा उचलू नको!"

लीलानं हात मागं घेतला. बाई पुढं झाल्या. एरवी दगड उलटताना त्या कोयत्याचं टोक वापरत. त्या दिवशी कोयता उजव्या हातात होता, फांदी तोडता तोडता तशाच आल्या होत्या, आणि डाव्या हातानं त्यांनी दगड उलटला.

मला दिसलं ते एवढंच. मातीच्या रंगाचं काहीतरी झटकन उसळलं आणि बाईंनी हात झटकला. डाव्या करंगळीवर रक्ताचे दोन ठिपके. तो साप वेटोळं करून बसला होता. डोकं तिकोनी, अंगावर नागमोडी नक्षी.

"फुरसं," बाई म्हणाल्या.

त्यांनी कोयत्याच्या पाठीनं सापाचं डोकं ठेचलं. एका मुलीला हाक मारून पिठाचा डबा रिकामा करून आणायला सांगितला. मग तोच उलटलेला दगड समोर होता, त्याच्यावर त्यांनी डावा हात ठेवला. चार बोटं मिटली, करंगळी लांब केली. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सुमतीबाई, मुलींना पलीकडं वळवा."

मला काही समजलंच नाही. मी मुलींना वळवलं नाही. मी नुसती बघत उभी राहिले. कोयता वर गेला आणि खाली आला. आवाज फांदी तुटते तसाच झाला.

मी किंचाळले नाही. कोणीच किंचाळलं नाही. ओढ्याच्या पलीकडं कुठंतरी एक होला घुमत होता, तो घुमत राहिला. दगडावर एक बोट पडलं होतं आणि ते माणसाचं आहे हे माझ्या डोळ्यांना पटत नव्हतं.

"रुमाल," एस्तेरबाई म्हणाल्या. "सुमतीबाई, रुमाल. आणि तंबूची दोरी."

माझ्या हातांनी मग काय काय केलं ते मला सांगता येणार नाही. दोरी आवळली, रुमाल बांधला, तो भिजला, दुसरा बांधला. दोन दांडग्या मुली गाडी आणायला गावाकडं पळत सुटल्या. बाकीच्या मुलींनी बाईंच्या सांगण्यावरून तंबू उतरवले, भांडी भरली. मेलेला साप डब्यात घालून झाकण लावलं. बाई बाभळीला टेकून बसल्या होत्या, हात वर धरून. चेहरा राखेसारखा झाला होता. गाडी आली तेव्हा उठल्या, एकेका मुलीच्या डोक्याला उजवा हात लावत गेल्या. शेवटचं डोकं लीलाचं. मग गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "झालं काम. आता मी जरा घाबरते." आणि त्यांचं सगळं अंग थडथड उडायला लागलं. दात वाजत होते. मी त्यांना धरून बसले. त्या थरथरीनं मीही हलत होते.

पारनेरला दवाखान्यात पट्टी झाली आणि एका मोटारवाल्यानं दया येऊन आम्हाला नगरच्या इस्पितळात पोचवलं. तिथल्या डॉक्टरांनी जखम शिवली. मग डबा उघडायला सांगितला. चिमट्यानं साप उचलला, उजेडात धरला, बराच वेळ उलटापालटा केला. तोंड उघडून पाहिलं.

"हे कोण म्हणालं फुरसं?"

"मी," एस्तेरबाई म्हणाल्या.

"हे फुरसं नाही. मांजऱ्या आहे. दिसतो तसाच, पुष्कळ लोक फसतात. याच्या विषानं पाल मरेल. माणसाला काही होत नाही." डॉक्टर थांबले. त्यांनाही पुढचं बोलणं जड जात होतं. "आणि बाई, फुरसं असतं तरी असं तोडायचं नसतं."

 मी त्या पांढऱ्या पट्टीकडे बघत होते. मला एकाएकी रडू फुटलं, आणि मी इतक्या मोठ्यानं रडले की बाहेरच्या व्हरांड्यातून परिचारिका डोकावली.

एस्तेरबाई रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "म्हणजे मी मेले नसते?"

"नसता मेलात."

"काहीच झालं नसतं?"

"थोडी सूज आली असती."

त्या बराच वेळ सापाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "झाका तो डबा."

दोन-चार दिवसांनी मिससाहेब त्यांना बघायला आल्या. मी तिथंच होते. मिससाहेबांचे डोळे सुजलेले होते. त्यांनी एस्तेरबाईंचा उजवा हात हातात घेतला आणि विचारलं, "का? थांबला का नाहीत?"

"थांबायचं म्हणजे मरते की नाही ते बघत बसायचं. रानात, एवढ्या मुली घेऊन. सुमतीबाई नव्या. मी मेले असते तर यांनी मुली घरी कशा आणल्या असत्या?"

मी मान खाली घातली.

"कोयता हातात नसता," मिससाहेब हळूच म्हणाल्या, "तर तुम्ही हे केलं नसतं."

मला वाटलं, आता बाई उसळतील. पण त्या छताकडे बघत राहिल्या. "नसतं केलं," त्या म्हणाल्या. "कुऱ्हाड असती तर ती एका हातानं इतकी नेमकी चाललीही नसती. जे हातात असतं ना मिससाहेब, तेच डोक्यात येतं."

गावात बोभाटा झाला. कोणी म्हणे बाईंनी मुलीचं बोट तोडलं, कोणी म्हणे देवीला वाहिलं. पण शाळेत काही मंडळी त्यांच्याकडे आता भक्तिभावानं बघायला लागली होती. वर्गात मुली त्यांच्या डाव्या हाताकडे टक लावून बसत. मलासुद्धा त्यांच्याविषयी बोलताना आवाजात अभिमान येऊ लागला होता. आणि मग एक दिवस लीलाचे वडील आले.

त्यांना सगळे आबा म्हणत. मोठं पागोटं, हातात काठी, अंगावर घोंगडी. काष्टीहून मिळेल त्या गाडीनं आले होते. पायांवर धूळ होती. लीलाला शाळेतून काढायला आले असणार, असं सगळ्यांनी धरलं. ते शिक्षिकांच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"एस्तेरबाई कोन?"

"मी. बसा."

ते बसले नाहीत. "हात दावा."

बाईंनी हात पुढं केला. आबांनी तो पाहिला, वाकून पाहिला. त्यांचा आवाज खाली आला. "माझ्या पोरीचा हात हुता म्हनं त्या दगडाखाली. तुमी मागं वढला."

"तिनंच घेतला. मी हाक मारली नुसती."

"त्ये कायबी आसंल. तुमचं उपकार हायेत." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पन बाई, एक इचारू का? राग मानू नका. वाटंनं माज्या डोस्क्यात त्येच फिरतंय."

"विचारा."

"तिला डसला आसता, तर तुमी तिचं बोट तोडलं आसतं?"

खोलीत आम्ही तिघी-चौघी होतो. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. मला हा प्रश्न एकदाही सुचला नव्हता. इतके दिवस आम्ही त्या बोटाची गोष्ट सांगत होतो, आणि आमच्यापैकी एकीलाही तो सुचला नव्हता.

एस्तेरबाईंनी मला वाटतं उत्तर तेव्हाच शोधलं नाही. ते त्यांच्याजवळ आधीपासून होतं. कोणी विचारील का, एवढीच त्या वाट बघत असाव्यात.

"व्हय," त्या म्हणाल्या. शाळेत त्या कधी 'व्हय' म्हणत नसत. "तोडलं आसतं, आबा."

 आबा बाईंकडे बघत राहिले आणि बाई त्यांच्याकडे. मला वाटलं, आता काठी उठेल.

"खोटं बोलला आसता तर मला कळलं नसतं," आबा म्हणाले.

"मला कळलं असतं."

आबांनी काठी जमिनीवर टेकवली. मग म्हणाले, "पोरगी हितंच शिकंल. पन तुमच्या संगं डोंगरात न्हाई."

"बरोबर आहे तुमचं."

ते गेले. एस्तेरबाई खाली बसल्या, समोरची वही उघडली, आणि ती तशीच उघडी ठेवून बसून राहिल्या. घंटा झाली तरी उठल्या नाहीत. मी जवळ गेले तेव्हा म्हणाल्या, "माझं बोट होतं म्हणून तुम्ही सगळ्या माझं कौतुक करत होतात. पोरीचं असतं तर मला तुरुंगात घातलं असतं. आणि घाव तोच असता."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिससाहेबांकडे जाऊन पथक सोडलं. मिससाहेबांनी आग्रह केला, मी केला, मुलींनी रडून केला. त्या ऐकेनात. "मला वाटायचं, मला काय करायचं ते लगेच समजतं. आता तसं वाटत नाही," म्हणाल्या. "आणि तसं न वाटणाऱ्या बाईनं दुसऱ्याची पोरं रानात नेऊ नयेत." वर्ष संपल्यावर त्या नगर सोडून श्रीगोंद्याकडच्या एका खेड्यातल्या शाळेवर गेल्या. पथक नव्या बाईंकडं गेलं. त्यांनी भिंतीवरची कुऱ्हाड खाली घेतली. मीही दोनदा त्यांच्याबरोबर गेले. कुऱ्हाड चांगली होती. सरपण फुटत होतं, कोणाला काही झालं नाही, आणि मी दोन्ही वेळा मुलींची डोकी हातानं चाचपत फिरत होते.

त्यानंतर एस्तेरबाई मला एकदाच भेटल्या. स्वराज्य आलं होतं. लीला शिकून शिक्षिका झाली होती आणि तिचं लग्न निघालं. आबांचं बोलावणं आलं, म्हणून मी काष्टीला गेले. मांडवात बायकांमध्ये मला जागा करून देत होते, तोच बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. आबा स्वतः गाडी हाकत आले होते. नवरीचा बाप, लग्नाच्या दिवशी, अंगावर नवं धोतर आणि त्यावर रस्त्याची धूळ. मागं एस्तेरबाई बसल्या होत्या. आबा पहाटेच गाडी जुंपून त्यांना आणायला गेले होते, असं कोणीतरी सांगितलं. मला ते खरंच वाटेना.

बाई फार वाळल्या होत्या. केस पांढरे झाले होते. लीला पुढं येऊन पाया पडली तेव्हा बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग तिचे दोन्ही हात हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. मेंदीनं भरलेले, दहाच्या दहा बोटं असलेले हात. आबा बाजूला उभे होते. 

जेवणं झाल्यावर आम्ही दोघी सावलीला बसलो. शाळेचं, मिससाहेबांचं, इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी विचारलं, "डोंगर सुटला का हो अगदी?"

"छे! जाते की. सुट्टी लागली की जाते. दोन-दोन दिवस राहते."

"काय सांगता! कोणाबरोबर?"

"एकटी."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पन्नाशी उलटलेली बाई, नऊ बोटांची, रानात एकटी. "एस्तेरबाई, अहो, एकटी? आणि काही झालं तर?"

"झालं तर मला होईल," त्या म्हणाल्या. तोंडातली सुपारी चघळत, अगदी सहज. जणू मी जेवणात मीठ बरोबर होतं का असं विचारलं होतं.

ऊन उतरल्यावर आबांनी पुन्हा गाडी जुंपली. वऱ्हाड अजून निघायचं होतं, पाहुणे आबांना शोधत होते, पण त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हातात कासरा दिला नाही. बाई गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसल्या, आमच्याकडं तोंड करून. लीला दारात उभी होती. गाडी घरासमोरच्या नदीच्या उताराला लागली, पात्रातल्या वाळूत शिरली आणि बैलांना ती ओढवेना. तेव्हा एस्तेरबाई टुणकन खाली उतरल्या. वहाणा काढून हातात घेतल्या आणि गाडीच्या मागून वाळूतून चालू लागल्या. आबांनी वळून बसा म्हणून खूण केली असावी, कारण त्यांनी मान हलवून नको म्हटलेलं मला लांबून दिसलं. पलीकडचा काठ चढून गाडी बाभळींच्या आड गेली तोवर त्या चालतच होत्या.